हलवायचं काम त्यांचं, थांबायचं आमचं

बेंगळूरच्या बसवनगुडीतलं ते घर भाड्याने देण्याआधी घरमालकांनी आम्हां नवराबायकोला वरच्या मजल्यावर चालून दाखवायला सांगितलं. आधी मी, मग आमचे हे. मालक स्वतः खालच्या खोलीत टेबलावर काठोकाठ भरलेलं पितळी भांडं ठेवून त्यातल्या पाण्याकडे बघत उभे होते. आम्ही खाली आलो तेव्हा त्यांनी निकाल दिला, "मिस्टर चालतील. तुम्ही टाच आपटता."

बेळगावात मला बघायला आलेल्या लोकांनी माझ्या रंगापासून उंचीपर्यंत सगळ्याला नावं ठेवली होती, पण चालण्यात कुणी खोट काढली नव्हती. ठेवा तुमचं घर तुमच्यापाशी, असं मी म्हणणारच होते. पण ह्यांची कारखान्यातली नोकरी नवी होती आणि यशवंतपूरला एका मित्राच्या खोलीत आम्ही अंग चोरून राहत होतो. ह्यांनी माझ्याकडे असं केविलवाणं बघितलं की मी तोंड मिटलं.

"मी हळू चालेन," मी म्हणाले.

"हळू नको. पाऊल ठेवा. टाकू नका," मालक म्हणाले आणि भांड्यातलं पाणी तुळशीला घालून आले. घर आम्हांला मिळालं होतं.

सगळी गल्ली त्यांना अण्णा म्हणत असे, म्हणून आम्हीही म्हणू लागलो. पन्नाशीच्या पुढचे, काटकुळे, लग्नाच्या भानगडीत न पडलेले. शर्टाच्या बाह्या मनगटावर रबरबँड लावून घट्ट केलेल्या असत, म्हणजे कशाला चुकून धक्का लागायला नको. दारातून जाताना ते अंग तिरकं करून जात, दार कितीही रुंद असलं तरी. त्यांचं घराणं बेंगळूरात तीनशे वर्षांपासूनचं. आमचे लोक इथे घोड्यावर बसून आले, असं ते सांगत. एवढ्या काळात त्यांच्या मराठीत कानडी कुठून कुठून शिरलं होतं हे त्यांचं त्यांनाही कळत नसे. कंटोन्मेंटमधल्या एका फोटो स्टुडिओत त्यांनी उमेदीची वर्षं निगेटिव्हवर बारीक ब्रशने काम करण्यात घालवली होती. आधी साहेबांच्या मडमांचे आणि नंतर आपल्या नवऱ्या मुलींचे चेहरे नितळ करणं हा त्यांचा धंदा. स्टुडिओचा साहेब विलायतेला परत गेला तेव्हा अण्णांनी त्याच्याकडून एक चावीचा सिनेमा-कॅमेरा घेऊन ठेवला, आणि त्या दिवसापासून त्यांचं डोकं फिरलं, असं त्यांची बहीण म्हणायची.

अण्णा निर्जीव वस्तूंचे सिनेमे काढत. वस्तू ठेवायची, बटण दाबून एक चित्र घ्यायचं, वस्तू केसभर सरकवायची, पुन्हा चित्र घ्यायचं. अशी हजारो चित्रं सेकंदाला चोवीसच्या वेगाने पडद्यावर टाकली की वस्तू आपोआप चालू लागते. पण नुसती चालून भागत नसे. ती गाण्यावर चालली पाहिजे, अगदी समेला पाय पडला पाहिजे, अशी त्यांची जिद्द. ह्या प्रकाराला ते 'काम' एवढंच म्हणत, आणि 'काम' चालू असताना जमीन हलली तर कॅमेरा हलतो, म्हणून आमचं ते चालणं पाण्यात बघितलं गेलं होतं.

जिन्याखाली एक घंटा टांगलेली होती. ती एकदा वाजली की वरच्या मजल्यावर आम्ही असू तिथे थांबायचं. दोनदा वाजली की हलायची मुभा. पहिल्याच आठवड्यात मी डाव हातात घेऊन चुलीकडे निघाले आणि खाली घंटा वाजली. समोर वरण उतू चाललेलं मला दिसत होतं. ते कडेवरून खाली ओघळलं, विस्तवावर चरचरलं, घरभर वास सुटला, आणि मी पुतळ्यासारखी उभी. दोनदा घंटा वाजली तेव्हा मी तशीच तणतणत खाली गेले.

"अण्णा, माझं वरण गेलं!"

त्यांनी मान वर केली नाही. "हलवायचं काम माझं, थांबायचं तुमचं," ते म्हणाले. "वास आला. हिंग स्वल्प जास्त होतं."

मी रात्री ह्यांना सांगितलं की आपण दुसरं घर बघू. हे म्हणाले, बघू. आमच्या घरी 'बघू' म्हणजे नाही. शेवटी राग गेला तो अण्णांनीच एक सिनेमा दाखवल्यावर. वांग्यांचं लग्न होतं ते. काटेरी देठांचे फेटे घातलेली वांगी सनईच्या रेकॉर्डवर वरात घेऊन निघतात. मात्र काम इतके दिवस चाललं की वांगी मध्येच सुकली. त्यामुळे बोहल्याशी पोचेपर्यंत नवरानवरी जख्ख म्हातारी झालेली, वऱ्हाडी सुरकुतलेले, आणि तरी सगळे ठेक्यात नाचताहेत. मी हसून हसून पोट धरलं. अण्णांना हसण्यासारखं काय आहे ते कळेना. त्यांच्या मते तो सिनेमा दुःखाचा होता.

अण्णांची मोठी बहीण, अक्का, ही त्या घराची खरी मालकीण. न कळत्या वयात लग्न होऊन, कळत्या वयाच्या आधीच कुंकू पुसून माहेरी आलेली. येताना सासरहून तिने एकच गोष्ट आणली होती, लग्नात मिळालेली लाकडी राजा-राणीची जोडी. इकडे दसऱ्याला पायऱ्या मांडून त्यांवर वाणी, हत्ती, मोर अशा बाहुल्या बसवतात, त्यांना गोंबे म्हणतात, आणि सगळ्यांत वरच्या पायरीवर नवरीला लग्नात मिळालेली ही जोडी बसते. अक्कांची जोडी रक्तचंदनाची, हातांच्या वापराने काळसर झालेली, डोळे मात्र पांढरे ठळक रंगवलेले. आयुष्यात आपलं म्हणावं असं अक्कांपाशी तेवढंच होतं, आणि त्या त्याबद्दल कधी बोलत नसत.

नेम कडक. घटस्थापनेला गोंबे पेटीतून निघायच्या. रोज तिन्हीसांजेला आरती व्हायची. आरतीचं ताट अक्का हातात घेत नसत. आधी शेजारची सवाष्ण यायची, आम्ही राहायला आल्यावर ते काम माझ्याकडे आलं. अक्का बाजूला उभ्या राहून गाणं म्हणत. दशमीच्या सांजेला गोंबेंना झोपवायचं, म्हणजे राणीला आडवं ठेवायचं, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या पेटीत. झोपवलेली गोंबे पुढच्या दसऱ्याशिवाय उठवायची नाही. "उठवली तर घरातलं माणूस आजारी पडतं," अक्का सांगायच्या. अण्णांना असल्या गोष्टींचं हसू यायचं, पण अक्कांसमोर ते हसत नसत.

अक्कांचं ते गाणं ऐकलं आणि मी हातातलं ताट ओवाळायचं विसरले. मी बेळगावात गाणं थोडंफार शिकलेली, तरी असला आवाज ऐकला नव्हता. सत्तरीकडे झुकलेल्या बाईचा, किंचित घोगरा आणि तरी स्वच्छ. गाणं अर्धं मराठी, अर्धं कानडी. राजा-राणी पायऱ्या उतरून नगर बघायला निघतात, वाटेत वाणी भेटतो, हत्ती भेटतो, मोर वाट अडवतो, आणि सांज झाली म्हणून दोघं पुन्हा पायऱ्या चढून घरी येतात. एवढंच. त्या पहिल्या नवरात्रात अण्णांनी कुणाकडून तरी टेपरेकॉर्डर आणला आणि गोंबेंच्या मागे माइक दडवून ते गाणं चोरून भरून घेतलं. अक्का यंत्रापुढे गायला कधीच कबूल झाल्या नसत्या. "माझ्या गोंबेंना ऐकू येतं तेवढं पुरे," असं त्यांचं म्हणणं.

हा नुसता नाद होता, घाई कशाचीच नव्हती. घाई पुढच्या उन्हाळ्यात सुरू झाली.

अक्का दाराच्या चौकटींना धडकू लागल्या. पायाशी ठेवलेली बादली त्यांना दिसेना, पण तांदळातला एवढासा खडा अचूक दिसायचा. मला वाटायचं वयाने धांदल होते. डोळ्यांच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. कडेकडेने दिसणं गेलं आहे, मधलं राहिलंय, तेही आवळत जाईल, आणि गेलेलं परत येत नाही. आज बांगडीतून बघितल्यासारखं दिसतंय, वर्षभरात अंगठीतून बघितल्यासारखं दिसेल, पुढचं सांगता येत नाही. अण्णा घरी आले, जिन्याखाली उभे राहिले आणि मला हाक मारली.

"तुम्हांला ताल कळतो," ते म्हणाले. विचारलं नाही, सांगितलं.

"कळतो थोडा."

"ह्या दसऱ्याला राजा-राणी अक्काच्या गाण्यावर उतरणार आणि चढणार. तिला दिसतंय तोवर तिनं ते बघायला पाहिजे. अक्काला सांगायचं नाही."

मी त्यांना विचारलं की दसऱ्यापर्यंत कशाला थांबायचं, आताच गोंबे काढू. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी अक्कांच्या पेटीला कुलूप तोडायला निघाले आहे. गोंबे नवरात्रातच बाहेर यायच्या. म्हणजे घटस्थापना ते दशमी, एवढ्या दिवसांत सगळं. आणि पुढच्या वर्षीच्या नवरात्राचा भरवसा नव्हता.

पावसाळाभर आम्ही तयारी केली. अक्का देवळात गेल्या की अण्णा टेप लावत आणि मी मात्रा धरे. अक्कांची लय घड्याळाला भीक घालत नव्हती. हत्तीपाशी ती रेंगाळे, मोरापाशी पळे. त्यामुळे प्रत्येक मात्रा वेगळी मोजावी लागली. अण्णांनी त्यासाठी चिंचोके आणले. एका मात्रेला जितकी चित्रं, तितके चिंचोके एका ओळीत, आणि समेला कवडी. ताटंच्या ताटं भरली. एक चित्र घेतलं की एक चिंचोका ताटातून वाडग्यात. आमचे हे कारखान्यात नकाशे काढायचे, ते एकदा ती ताटं बघून म्हणाले, "पुलाचं काम याहून सोपं असतं."

नवरात्र सुरू झालं आणि घरात श्वास घ्यायची चोरी झाली. खिडक्यांना काळे पडदे, दोन मोठे दिवे, कॅमेरा जमिनीला स्क्रूने जखडलेला. गोंबेंना भोक पाडायचं नाही, तार लावायची नाही, पायऱ्यांवरच्या पांढऱ्या कापडावर खूण करायची नाही, हे अण्णांनी स्वतःच ठरवलेलं. राणीच्या बुडाखाली मेणाची गोळी, तीवर ती किंचित कलायची, किंचित वळायची. अक्कांना सांगितलं होतं की गोंबेंचे फोटो काढतोय, मुंबईच्या मासिकाला पाठवायचे आहेत. रोज तिन्हीसांजेच्या आत एक कडवं पुरं करायचं, राजा-राणी पुन्हा वर बसवायचे, दारं उघडायची, मग शेजारच्या बायका-पोरं गोंबे बघायला येत, उसळ खात, आणि दर वेळी एखादं पोर हात पुढे करी तेव्हा अण्णा भिंतीशी उभ्याउभ्या पांढरे पडत. मी दिवसभर चिंचोके सरकवत होते. चुकले तर? हा एकच विचार डोक्यात. एक चिंचोका इकडचा तिकडे झाला तर हत्तीचा पाय समेच्या आधी पडेल आणि ते कळणार कधी, तर मुंबईहून फिल्म धुऊन येईल तेव्हा. रात्री मला झोपेत चिंचोके दिसायचे.

दशमीला शेवटचं कडवं उरलं होतं. राजा वर पोचला होता. राणी मधल्या पायरीवर, अर्धी वळलेली, वर बघणारी. आणि एक दिवा फट् करून गेला.

अण्णांनी घरातला जादा दिवा लावला. त्याचा उजेड पिवळा पडला. तो चालणार नव्हता. "मी आलोच," म्हणून ते सायकल घेऊन गांधी बाजाराकडे सुटले. सणाचा दिवस, दुकानं पूजा करून बंद. एका दुकानदाराच्या घरी जाऊन त्याला जेवणावरून उठवलं, हे मागाहून कळलं. मी तिथे राणीसमोर बसून राहिले. पंखासुद्धा लावला नाही.

तिन्हीसांजा झाल्या. अक्का आतून आल्या, केस नुकते विंचरलेले.

"ताट आण गं. सांज झाली."

"अक्का, अण्णा येऊ देत की. ते बाहेर गेलेत."

"तो येईल त्याचा. सांज थांबते काय?"

मी ताट आणायला गेले आणि जमेल तेवढा वेळ काढला. वाती नव्याने वळल्या. काडेपेटी सापडत नाही म्हणाले. आरती हातात घेतली तेव्हा बाहेर सायकलची घंटा वाजते का ते ऐकत होते. अक्कांनी गाणं म्हटलं. मी ताट ओवाळलं, सावकाश, पुन्हा पुन्हा. अक्का पुढे झाल्या, मान इकडेतिकडे फिरवून त्यांनी राणीला शोधलं.

"ही मधल्याच पायरीवर कशी?" त्या म्हणाल्या. "फोटोच्या नादात पुट्टा विसरला बघ." पन्नाशी उलटलेल्या भावाला त्या अजून पुट्टा म्हणजे बाळच म्हणत.

"अक्का, त्यांना विचारून मग—"

"अय्यो, माझ्या गोंबेला झोपवायला त्याला विचारू?"

त्यांनी राणीला दोन्ही हातांनी उचललं, पदराने पुसलं, वरच्या पायरीवर राजाच्या शेजारी आडवं ठेवलं आणि तिच्यावर हात फिरवला. मग शेजारणींबरोबर सोनं म्हणून बन्नीची, म्हणजे शमीची, पानं द्यायला बाहेर पडल्या. त्या फाटकातून गेल्या आणि अण्णा आले.

त्यांनी पायऱ्यांकडे बघितलं. हातातला दिवा हळूच जमिनीवर ठेवला. मला वाटलं आता घर डोक्यावर घेतील. मागे माझ्या एका शिंकेवरून त्यांनी मला दोन दिवस ऐकवलं होतं. ते एकच वाक्य बोलले.

"अक्कानं झोपवली."

"मी थांबवायला बघितलं, अण्णा."

"तिला कोण थांबवणार." ते बसले. मग म्हणाले, "उठवायला पाहिजे."

ज्यांना शकुन-अपशकुनाचं हसू यायचं, त्या माणसाने राणीपुढे हात जोडले. ओठ हलले, काय म्हणाले कोण जाणे. मग राणीला उठवलं, मधल्या पायरीवर आणलं आणि कॅमेऱ्याला डोळा लावला. कापडावर खूण नव्हती. होतं ते त्यांच्या डोळ्यांत होतं. ते सांगत, मी राणी सरकवे. "डावीकडे. जास्त झालं. मागे. केसभर. वर कलती. नाही, पहिल्यासारखी." कितीही केलं तरी ती पहिल्यासारखी होईना. ह्यांना फाटकाशी उभं केलं होतं, अक्का दिसल्या की काहीही बोलून अडवायचं म्हणून. ह्यांचं कानडी तेव्हा भाजीवाल्यापुरतं होतं.

"राहू दे. चिंचोके घ्या," अण्णा शेवटी म्हणाले. चित्र, चिंचोका, चित्र, चिंचोका. राणी एकेक केस वर चढत होती आणि फाटकाशी ह्यांचा आवाज चढलेला ऐकू आला. कोबीच्या भावाबद्दल काहीतरी चाललं होतं. शेवटची कवडी सरकली. अण्णांनी राणीला राजाशेजारी आडवं केलं, मेण नखाने काढलं, आणि अक्का आत आल्या. त्यांनी सवयीने राणीवरून हात फिरवला, आम्हां दोघांच्या हातांत बन्नीची पानं ठेवली आणि आत गेल्या. मी जिन्यात बसून रडले. कशासाठी ते मलाही सांगता येईना.

फिल्म मुंबईला धुवायला गेली. आठवड्यांमागून आठवडे, असे चार महिने गेले. अक्कांना आता समोर बसलेल्या माणसाचा चेहरा एका वेळी पुरा दिसत नसे. डोळ्यांकडे बघितलं तर तोंड हरवे. डॉक्टर म्हणाले, अपेक्षेपेक्षा लवकर चाललंय. अण्णा जेवेनासे झाले. घंटा वाजेनाशी झाली. मी टाच आपटून चालून बघितलं, मुद्दाम, तरी खालून शब्द नाही.

एकदा ते आपणहून जिन्यापाशी आले. "मी उठवली ना," ते म्हणाले, "म्हणून लवकर चाललंय."

"अण्णा, तुम्ही शिकलेले. काहीतरीच काय?"

"शिकलो म्हणून काय झालं," ते म्हणाले. त्यांचा चेहरा बघवत नव्हता. मी त्यांना कितीतरी समजावलं, ते ऐकत होते असं वाटलं नाही.

फिल्म आली त्याच दिवशी दुपारी त्यांनी खिडक्या लावल्या आणि भिंतीवर चादर ताणली. अक्का मधोमध खुर्चीवर. आम्ही दोघं, शेजारची दोन कुटुंबं पोरांसकट. अण्णांनी प्रोजेक्टर आणि टेप एकदम सुरू केले.

अक्कांचा आवाज खोलीत आला. अक्का दचकल्या. "हे कोण? मी?" मग रागाने, "पुट्टा, मला मशीनपुढं गायला लावलंस?"

तोवर पडद्यावर राजाने पहिलं पाऊल टाकलं होतं. अगदी समेला. पोरं ओरडली. राणी वळली, हत्ती डोलला. मी पडद्याकडे बघायचं सोडून अक्कांकडे बघत होते. त्यांची मान भराभरा इकडून तिकडे फिरत होती.

"कुठं बघू रे?" त्या म्हणाल्या. "एकदा पायरी दिसते. एकदा हत्तीचा कान. राणी कुठं आहे?"

अण्णांनी यंत्र थांबवलं. उशीर झाला, असंच आम्हां सगळ्यांना वाटलं. शेजारच्या बाईंनी डोळ्याला पदर लावला. मला ती खोली सोडून पळून जावंसं वाटलं. एवढं सगळं केलं आणि चार महिने कमी पडले.

अण्णा चादरीपाशी गेले. अक्कांच्या खुर्चीकडे बघितलं, चादरीकडे बघितलं. मग त्यांनी चादर ओढून काढली, प्रोजेक्टरचं टेबल घसटत थेट भिंतीजवळ नेलं आणि भिंतीवर कोरा पुठ्ठा लावला. प्रोजेक्टर जवळ गेला तसं चित्र लहान झालं. ते आणखी जवळ गेले. लेन्स पुढे ओढून चित्र साफ केलं. भिंतभर असलेलं चित्र शेवटी तळहाताएवढं उरलं, पण लखलखीत.

"आम्हांला काही दिसत नाही," मागून एक पोरगा म्हणाला.

"तुमच्यासाठी नाही," अण्णा म्हणाले. "अक्का, मान हलवू नकोस. समोर बघ. सगळं तिथंच आहे."

गाणं पुन्हा सुरू झालं. तळहाताएवढ्या उजेडात काहीतरी हलत होतं, एवढंच आम्हांला कळत होतं. अक्कांची मान हलली नाही. वाणी आला असणार, कारण त्या हसल्या. मोर आला तेव्हा "अय्यो" म्हणाल्या. शेवटच्या कडव्याला त्यांनी आपल्याच आवाजाबरोबर ओठ हलवले, आणि मध्येच थांबल्या.

"इथं राणी उडाली," त्या म्हणाल्या.

गाणं संपलं. फिल्मचं मोकळं टोक फटफट वाजत फिरत राहिलं. अण्णा ते बंद करायला विसरले होते.

"पुट्टा, दशमीला मी हिला उचललं, तेव्हा ही मधल्याच पायरीवर होती."

"होय, अक्का."

"म्हणजे मी झोपवल्यावर तू उठवलीस."

"उठवली. म्हणूनच तुझे डोळे—"

"माझे डोळे त्याच्या कितीतरी आधीपासून जातायत. मीच कुणाला सांगत नव्हते." अक्कांनी त्या कोऱ्या उजेडावरून नजर काढली नाही. "बरं केलंस, उठवलीस. नाहीतर बिचारी वर पोचली कशी असती? पुन्हा लाव. आवाज स्वल्प मोठा कर."

अण्णा अक्कांच्या खुर्चीशी जमिनीवर बसले, म्हणून रीळ मलाच चढवावं लागलं.